बोटीखालचं लिंबू

अहमदपूरच्या बसस्टँडामागं कुठं काही इपरीत घडलं, की लोक पंचनामा वगैरे काही करत नसत. सरळ म्हणायचे, ‘‘वैज्याचंच काम.’’

कुणाच्या फटफटीच्या सायलेन्सरात वांगं सापडलं, वैज्या. लग्नाच्या फ्लेक्सवर नवरदेवाच्या धडाला सासऱ्याचं तोंड लागलं, वैज्या. त्यातली निम्मी कामं वैजनाथनं केलेली असायची आणि उरलेली निम्मी तो कौतुकानं अंगावर घ्यायचा. पन्नाशीला टेकलेला माणूस, डोक्यावर टक्कल, पोटाचा नगारा, पण डोळे मात्र शाळेच्या मागच्या बाकावर बसल्यासारखे. स्टँडामागं त्याचं फ्लेक्स अन् झेरॉक्सचं दुकान. कागद कापायच्या मशीननं एकदा त्याच्या उजव्या अंगठ्याचा लचका तोडला होता. तेव्हापासून अंगठ्याच्या मधोमध तिरपा चर पडलेला, शेतातून पाट गेल्यासारखा. रेशनच्या दुकानातलं यंत्र त्याचा अंगठा घ्यायचंच नाही. ‘‘मी जित्ता हाय ह्याच्यावर सरकारचा भरोसा न्हाई,’’ असं म्हणत तो त्याचाही तमाशा करायचा.

त्याच्या दुकानामागंच शेषेरावचं घर. शेषेराव एसटीत कंडक्टर, अहमदपूर–नांदेड. दोघं शाळेपासूनचे दोस्त. शेषेरावचा एकुलता एक पोरगा हरिओम नौदलात लागला. ज्या गावात टँकर आला की पळापळ होते, त्या गावातला पोरगा चहूकडं पाणीच पाणी असलेल्या नोकरीवर गेला, ह्याचं सगळ्यांना लई हसू यायचं. एक त्याची आई, भामाबाई, तेवढी हसायची नाही. तिनं उभ्या जन्मात पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे नांदेडच्या घाटावरची गोदावरी.

‘‘बोट केवढी असंल वो?’’ ती नवऱ्याला विचारायची.

शेषेराव हात फाकवायचा. ‘‘लई मोठी. आपल्या स्टँडाहून मोठी.’’

‘‘अन् ती बुडत कशी न्हाई?’’

 ह्याचं उत्तर म्हणून शेषेरावनं बोटच करायला घेतली.

इंटरनेटवर त्याला कागदी लढाऊ बोटीचे नकाशे सापडले. कापा, दुमडा, चिकटवा, अशातले. हरिओमला फोनवर दाखवले तर तो म्हणाला, ‘‘आमची हुबेहूब न्हाई, पण साधारण अशीच धरा.’’ नकाशा होता वीतभर बोटीचा. वैजनाथनं तो दुकानातल्या मोठ्या मशीनवर वाढवला, अजून वाढवला, नांदेडहून जाड कार्डशीट आणून त्याच्यावर छापला. आता बोट माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी लांब होणार होती.

‘‘हिशोब सोपा हाय,’’ वैजनाथ म्हणाला. ‘‘हितला एक सेंटिमीटर म्हंजी तितला एक मीटर. हितं मुंगी चढली तर तितं बोकड चढलं असं समजायचं.’’

अख्खा उन्हाळा शेषेराव त्यात बुडाला. ड्युटीवरून आला की कात्री. तोफांच्या नळ्या त्यानं अगरबत्तीच्या काडीवर कागद गुंडाळून केल्या. गोल खिडक्या पाडल्या त्या जुन्या तिकीट पंचानं, जो मशीनची तिकिटं आल्यापासून कपाटात गंजत पडला होता. आतून आडव्या-उभ्या पट्ट्यांचे कप्पे, वरून करडा कागद, अन् बुडाशी, जिथं बोट पाण्याला टेकते तिथं, बोटभर रुंदीचा लाल पट्टा. वैजनाथनं दोस्तीखातर निळ्या लाटांचा फ्लेक्स छापून दिला. शाळेच्या लिलावातून आणलेल्या लांब सागवानी टेबलावर तो अंथरला. चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबणारा समुद्र, अन् त्यावर बोट. बघणारा गपच व्हायचा.

भामाबाई मात्र बोटीभोवती फिरली, वाकली, फ्लेक्सला गाल लावून बघितलं.

‘‘अन् खालची कुठंय?’’

‘‘खालची नसती ह्यात,’’ शेषेराव म्हणाला. ‘‘ह्याला वॉटरलाइन म्हनतेत. पाण्याच्या वरची तेवढीच बोट करायची. टेबल म्हंजीच पाणी.’’

‘‘म्हंजी अर्धीच केली?’’

‘‘अगं, पाण्यात असल्यावर खालची दिसती का?’’

‘‘दिसत न्हाई म्हणून नसती का?’’ भामाबाई म्हणाली. ‘‘टेबलाखाली काय हाय मग?’’

‘‘मासे हायत, वहिनी,’’ वैजनाथनं तोंड घातलं. ‘‘मांजर सोडू नका खाली.’’

घरात नवं वाहन आलं की पूजा करायची, मग ती सायकल असो की ट्रॅक्टर. भामाबाईनं बोटीला हळदकुंकू लावलं, शेंड्याला लिंबूमिरची बांधली, नारळ ओवाळला. मग हातात लिंबू घेऊन उभीच राहिली. लिंबू चाकाखाली ठेवायचं असतं. बोटीला चाक नाही, अन् ह्या बोटीला तर बूडच नाही.

‘‘कशाखाली ठिवू?’’

‘‘टेबलाखाली ठेवा,’’ वैजनाथ हसत म्हणाला. ‘‘बोटीच्या खाली म्हंजी पाण्याच्या खाली. नेमानं बरोबर हाय.’’

भामाबाईनं ते खरं मानलं. लोंबता फ्लेक्स उचलून ती वाकून आत गेली आणि बरोबर बोटीच्या मध्याखाली, फरशीवर, लिंबू ठेवून आली. येताना तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. काय ते तिनं सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात हरिओमचा फोन आला. बोट दर्यावर निघणार होती, आता थोडे दिवस फोन लागणार नव्हता. ‘‘काळजी करू नगंस, आई,’’ म्हणाला अन् ठेवला.

तेव्हापासून शेषेराव रोज ड्युटीवर निघताना टेबलापाशी थांबायचा, उकिडवा बसून एक डोळा मिटायचा आणि लाल पट्टा बघायचा. पट्टा नीट दिसला की स्वारी निघाली. भामाबाई दारातून नवऱ्याचं तोंड बघायची. त्याच्या तोंडावरून तिला कळायचं पोरगं बरं हाय.

हे वैजनाथनं पाहिलं, आणि त्याच्या डोक्यातला किडा वळवळला.

त्याच्याकडं तोच निळा रंग होता, त्याच लाटा होत्या. त्यानं दोऱ्याएवढी बारीक निळी पट्टी छापली आणि भामाबाई चहा टाकायला आत गेली तशी लाल पट्ट्याच्या बुडाशी चिकटवून दिली. समुद्र दोराभर वर चढला.

दुसऱ्या दिवशी शेषेराव उकिडवा बसला तो उठेचना.

‘‘वैजा, पट्टा बारीक झाल्यावानी दिसून राहिलाय.’’

‘‘तुझा चष्मा बारीक झालाय.’’

दोन दिवसांनी वैजनाथनं दुसरी पट्टी चढवली. ‘‘पोरं लई जेवत असतील बोटीवर,’’ तो म्हणाला. ‘‘वजन वाढलं की बोट दबणारच.’’ त्याला वाटलं, आता शेषेराव शिव्या घालील, पट्टी ओढून काढील, आणि स्टँडावर आठवडाभर चहाबरोबर ही गोष्ट चालंल.  पण शेषेराव नुसता पट्ट्याकडं बघत राहिला आणि त्याच्या मागं दारात भामाबाई त्याच्या तोंडाकडं.

चार दिवसांनी वैजनाथला समजलं की भामाबाईनं भाकर सोडलीय. ताट वाढून घेते, बोटीकडं बघते आणि ताट गाईला घालते.

हे जास्तीच झालं. मस्करी कुठं थांबवायची हे वैजनाथला कळत नव्हतं असं नाही, फक्त जरा उशिरा कळायचं. दुपारी शेषेराव ड्युटीवर आणि भामाबाई गिरणीत गेलेली बघून तो कटर घेऊन आला. लाइट गेलेली. बाहेर पत्रे तापून कडकड वाजत होते. त्यानं नखानं पहिली निळी पट्टी सोलली. मग दुसरी.

खाली लाल नव्हतं.

त्यानं झाकलं होतं दोन दोऱ्यांएवढंच, पट्टा होता बोटभर. पण करडा कागद सरळ फ्लेक्सला भिडला होता. वैजनाथनं पलीकडून जाऊन बघितलं. तिकडंही तेच. लाल कागद कुठं आत दुमडला गेला की काय म्हणून त्यानं कटरचं टोक बोटीच्या बुडाशी घातलं, आणि कटर सटकला.

ज्वारीच्या दाण्याएवढी फट पडली. तेवढीच. पण त्या फटीतून त्याच्या मनगटावर वारा आला. गार, ओला वारा, वर डिझेलचा वास. मे महिन्याच्या भर दुपारी, अहमदपुरात.  त्यानं घाईघाईनं फटीवर टेपचा तुकडा दाबला आणि दुकानात येऊन बसला. त्या दिवशी त्यानं एकाही गिऱ्हाइकाची फिरकी घेतली नाही. लोकांना वाटलं, वैज्याला ताप आला.

मग त्यालाच सुचलं. अर्रे! शेषेरावनं डाव उलटवला. कंडक्टर माणूस, आयुष्यभर लोकांची तिकिटं फाडली, आज आपलं फाडलं! टेबलाला काही कळ बसवली असंल, बोट खाली ओढायची. ह्या विचारानं त्याला एवढं हलकं वाटलं की तो एकटाच खदखदून हसला.

दुसऱ्या दिवशी तो शेषेरावकडं गेला तो ‘‘मानलं बुवा तुला’’ असं म्हणायच्या तयारीनं. शेषेराव टेबलापाशी बसला होता. रजा टाकलेली. त्यानं बोटीच्या डेकवर काचेची गोटी ठेवली. गोटी घरंगळली ती डाव्या बाजूला, जिकडं वैजनाथनं फट पाडली होती तिकडं. शेषेरावनं गोटी परत मधी ठेवली. ती परत तिकडंच गेली.

‘‘कलली,’’ शेषेराव म्हणाला. ‘‘फोन लावला की बाई म्हनती, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. वैजा, खिडक्यांची खालची ओळ बघ. काल दिसत होती.’’

खालची ओळ नव्हती. निळ्या फ्लेक्सला सुरकुतीसुद्धा नव्हती, अन् बोट त्याच्यात रुतल्यासारखी खाली गेली होती. टेपचा तुकडा कुठं दिसत नव्हता. गोटी उचलताना शेषेरावचा हात थरथरत होता. वैजनाथ त्याला शाळेपासून ओळखत होता. शेषेरावला खोटं थरथरता येत नव्हतं.

‘‘मी नौदलाच्या कार्यालयात फोन लावून बघतो,’’ शेषेराव म्हणाला. ‘‘स्टँडावर रेंज बरी असती.’’ तो चपला शोधत बाहेर पडला.

वैजनाथ एकटा उरला. कळ असंल तर खालीच असंल, असं स्वतःला बजावत त्यानं लोंबता समुद्र उचलला आणि गुडघ्यावर बसून आत डोकं घातलं.

आत हवा वेगळी होती. जुन्या आडासारखी. त्यानं मोबाइलची बॅटरी लावली.

टेबलाच्या फळीला खालून बोट लागलेली होती. खालची बोट. लाल, गोलाईदार, निमुळती होत गेलेली, मागं दोन पंखे, एक सुकाणू. नकाशात नसलेली. वैजनाथनं स्वतः एकेक पान छापलं होतं, त्याला माहीत होतं. त्यानं फळीला हात लावला. सागवान साबूत, भोक नाही, फट नाही. वरून बोट, खालून बोट, मधी नुसतं लाकूड. त्यानं लालीवर बोट टेकवलं. कागद नव्हता तो. गार होता, खरखरीत होता, आणि आतून बारीक थरथरत होता. एसटीच्या पत्र्याला हात लावला की इंजिन लागतं, तसा.

डाव्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढ्या फटीपाशी, त्याच्या टेपची वळकटी चिकटून होती. वरची फट आता खाली आली होती. त्याच्यातून पाणी आत चाललं होतं. कुठल्या पाण्यातून, ते दिसत नव्हतं. फटीभोवती नुसता भोवरा, कोरड्या हवेत. अन् जे आत जात नव्हतं ते थेंब थेंब खाली फरशीवर पडत होतं, लिंबाशेजारी. लिंबू ठेवल्या दिवसासारखं पिवळंधमक होतं.

वैजनाथनं थेंब जिभेला लावला. खारट.

‘‘भावजी.’’

तो एवढा दचकला की डोकं फळीवर आपटलं. मागं भामाबाई उभी होती, हातात फरशी पुसायचं फडकं.

‘‘पुरी झालीय बघा,’’ ती हळू म्हणाली. ‘‘मी मागून घेतलं होतं लिंबू ठिवताना. अर्धी बोट माझ्या लेकराला नगं, खालची तू दे म्हनलं. रोज बघायची मी. रोज जराशी वाढायची, भोपळ्यावानी. बूड आल्यावर बोट जराशी खाली बसणारच, त्याचं मला काय न्हाई. ह्यांनला सांगितलं न्हाई, भितील म्हणून. पण तुम्ही पट्ट्याचं बोलला, मग मला अन्न जाईना.’’ तिनं फडकं पिळलं. ‘‘अन् कालधरनं हे पाणी टिपकून राहिलंय. पुसलं की परत. हे कशानं झालं, भावजी?’’

 तिनं त्याच्याकडं संशयानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती वाट बघत होती.

‘‘एमसील हाय का घरात?’’ तो म्हणाला.

‘‘टाकीला लावलेलं उरलंय थोडं.’’

तिनं आणून दिलं. वैजनाथनं दोन्ही रंग एकत्र मळले, गोळी केली, आणि पाठीवर उताणा झोपून टेबलाखाली सरकला. गोळी फटीवर ठेवली तर पाणी ती बाजूला सारायचं. मग त्यानं अंगठ्यानं दाबून धरलं, सगळा जीव लावून. खारं पाणी मनगटावरून काखेत, काखेतून पाठीखाली. अंगठा बधिर झाला. सोडायचं नव्हतं, घट्ट होईपर्यंत सोडायचं नव्हतं.

अंगठ्याखाली त्याला ऐकू आलं. कानानं नव्हे, हाडानं. आतून कुणीतरी पळत होतं, लई जणं, मुंगीच्या पावलानं. काहीतरी आपटत होतं. मग पळणं थांबलं. आणि बरोबर त्याच्या अंगठ्याच्या पलीकडून कुणीतरी ठोकलं. ठक, ठक. थांबून परत, ठक.

 त्याला वाटलं आपणही ठोकावं. मग वाटलं, त्यांना ते केवढं ऐकू येईल! त्यानं ठोकलं नाही. नुसता अंगठा दाबून पडून राहिला. वर भामाबाई लोंबता समुद्र हातात धरून उभी होती, पदर ओठात गच्च.

एमसील दगडासारखं झालं तेव्हा त्यानं हात काढला. थेंब थांबले होते. आतली थरथर एकसारखी, शांत चालू होती.

शेषेराव परत आला तो हात हलवत. कार्यालयात कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं सवयीनं गोटी डेकवर ठेवली, आणि ती जागेवर राहिली. त्या संध्याकाळी भामाबाई जेवली. दोन-तीन दिवसांनी हरिओमचा फोन आला. ‘‘मजेत हाय,’’ म्हणाला. 

पोळ्याला पोरगं सुट्टीवर आलं. रापलेलं, खांदे रुंद झालेलं. घर भरून गेलं. बोट आता फ्लेक्सवर पहिल्यासारखी दिसत होती, लाल पट्टा बोटभर. वैजनाथनं त्या दिवसानंतर टेबलाखाली डोकं घातलं नव्हतं. भामाबाई घालायची, दर अमावास्येला, लिंबू बदलायला. खाली काय दिसतं ते तो विचारत नव्हता, ती सांगत नव्हती.

‘‘काका, बोट झकास केलीत तुम्ही दोघांनी,’’ हरिओम टेबलापाशी उभा राहून वैजनाथला म्हणाला. मग त्यानं आईकडं बघितलं. ‘‘तवा सांगितलं न्हाई, आई घाबरली असती. बोटीला खालून भोक पडलं होतं. रात्रंदिवस पंप चालवले. आम्ही तर देवाचं नाव घेतलं. अन् एकाएकी पाणी थांबलं. आतून बघितलं तर बाहेरनं कुणीतरी भोक बुजवलेलं. मीच हातोडीनं ठोकून बघितलं. टणक!’’

‘‘बाहेरनं?’’ शेषेराव म्हणाला. ‘‘भर दर्यात?’’

‘‘हाव ना. पुढं डॉकला लावली, पाणी उपसलं, तवा दिसलं. करडा लपका, दाबून बसवलेला. आपल्या दाराएवढा. वर रेघा होत्या, वाकड्या, एकात एक, नांगरल्यावानी. साहेब म्हनले, समुद्रातला कायतरी जीव चिकटला असंल. फोटो काढू देत न्हाईत.’’ हरिओमनं हवेत दोन्ही हातांनी लंबगोल काढला आणि मग त्याच्या मधून एक तिरपी रेघ ओढली. ‘‘अन् मधून असा चर. आमच्यातली काही पोरं आता रेलिंगवरून खाली पाण्यात बघतच न्हाईत.’’

 शेषेरावनं मांडीवर थाप मारली.

‘‘वैज्याचंच काम!’’

बापलेक पोट धरून हसले. भामाबाईनं चहाचा कप पुढं केला. वैजनाथनं तो डाव्या हातानं घेतला. उजवी मूठ त्यानं मांडीखाली दाबून धरली होती, अंगठा आत. भामाबाई तिकडं बघत होती. तिनं त्याच्या बशीत अजून एक खारी ठेवली.